संत्र्याचा आंबटपणा, लाखोळीची डाळ आणि जवसाचं तेल: कार्बोक्सिलिक आम्लं, अमिनो आम्लं आणि मेद यांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. पुस्तकात कार्बोक्सिलिक आम्लं एका धड्यात येतात, अमिनो आम्लं दुसऱ्या धड्यात आणि तेल-तुपाचं रसायन तिसरीकडे. मुलं तिन्ही वेगवेगळी पाठ करतात आणि परीक्षा झाली की तिन्ही विसरतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण तिन्ही ठिकाणी तोच एक गट, कार्बोक्सिल गट, काम करत असतो. तो गट या रेणूत मोकळा आहे, बांधलेला आहे की मीठ होऊन बसलाय, एवढं आधी विचारलं तर पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

खालचे प्रश्न विद्यार्थ्यांकडून, त्यांच्या आई-वडिलांकडून आणि स्वयंपाकघरात काहीतरी खटकल्यावर मला विचारणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात. कुठलंही उत्तर मधूनच उघडून वाचलं तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कार्बोक्सिलिक आम्ल म्हणजे नेमकं काय?

ज्या कार्बनी रेणूत सीओओएच हा गट (कार्बोक्सिल गट) आहे ते कार्बोक्सिलिक आम्ल. एका कार्बनला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि दुसरा ऑक्सिजन एकेरी बंधाने जोडलेला असतो, आणि या दुसऱ्या ऑक्सिजनवर हायड्रोजन बसलेला असतो. पाण्यात गेल्यावर हा हायड्रोजन आयन होऊन सुटू शकतो, म्हणून ते आम्ल. व्हिनेगरमधलं अॅसेटिक आम्ल, दह्यातलं लॅक्टिक, चिंचेतलं टार्टारिक, लिंबू-संत्र्यातलं सायट्रिक ही सगळी याच घराण्यातली. सायट्रिक आम्लात असे तीन गट असतात, टार्टारिकमध्ये दोन, अॅसेटिक आणि लॅक्टिकमध्ये एकेक.

२. ओएच तर अल्कोहोलमध्येही असतो. मग अल्कोहोल आम्ल का नाही?

हायड्रोजन सुटल्यावर मागे जो ऋण प्रभार राहतो तो कुठे ठेवायचा, हा खरा प्रश्न आहे. अल्कोहोलमध्ये तो एकाच ऑक्सिजनच्या डोक्यावर बसतो. कार्बोक्सिलिक आम्लात तो दोन ऑक्सिजनांत सारखा वाटला जातो. दोन माणसांनी मिळून धरलेलं ओझं हलकं होतं, तसा इथला आयन स्थिर होतो आणि हायड्रोजन सोडणं परवडतं. आकड्यांत सांगायचं तर अॅसेटिक आम्लाचा पीकेए (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ४.७६ आणि इथेनॉलचा सुमारे १६. म्हणजे अॅसेटिक आम्ल इथेनॉलच्या अब्जावधी पटींनी जास्त आम्लधर्मी आहे.

याच विचाराने क्लोरीनचा परिणामही कळतो. अॅसेटिक आम्लात एक क्लोरीन घातला की पीकेए २.८६ वर येतो आणि तीन घातले की ०.७ च्या आसपास. क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे मागे राहिलेला प्रभार आणखी पसरतो.

३. आम्ल म्हटलं की भाजायला हवं. मग संत्रं खाताना तोंड का भाजत नाही?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. आम्ल सौम्य असणं वेगळं आणि विरल असणं वेगळं. अॅसेटिक आम्ल सौम्य आहे, म्हणजे नेहमीच्या व्हिनेगरमध्ये त्याच्या हजार रेणूंपैकी जेमतेम चार-पाच रेणू आयन होतात, बाकीचे जसेच्या तसे राहतात. शिवाय व्हिनेगर विरलही आहे, त्यात आम्ल चार-पाच टक्केच असतं. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल पाच-सहा टक्के, संत्र्याच्या रसात एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी.

पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी, असं समजू नका. शुद्ध अॅसेटिक आम्ल कातडीवर पडलं तर चांगलंच भाजतं. प्रयोगशाळेत मुलं ‘सौम्य आम्ल आहे’ म्हणून हातमोजे काढून ठेवतात, तेव्हा मला तिथेच तास थांबवावा लागतो.

४. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब म्हणजे काय? ते कुठलं आम्ल आहे?

हा प्रश्न आला की मला फार आनंद होतो. हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर बारीक ग्रंथींचे केस असतात. त्यांतून जो आंबट स्राव येतो त्यात मुख्यतः मॅलिक आम्ल आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. दोन्हींत दोन-दोन कार्बोक्सिल गट. पहाटेच्या दवात ही आंब विरघळते. जुनी माणसं रात्री पिकावर धुतलेलं कापड अंथरून सकाळी ते पिळून घेत आणि ती आंब पोटदुखीवर जपून ठेवत. हरभऱ्याची भाजी वाळवताना पाला धुवू नये असं घरात सांगतात त्याचं कारणही हेच. दोन्ही आम्लं पाण्यात सहज विरघळतात, धुतली की चव गेली.

पिकातून उघड्या पायांनी चाललं की चुणचुण होते, तीही या आम्लांमुळे. दोघांत ऑक्झॅलिक जास्त तीव्र आहे, त्याचा पहिला पीकेए १.२५ च्या आसपास आहे. दोन्ही कार्बोक्सिल गट एकमेकांना खेटून असल्यामुळे ते एकमेकांचे इलेक्ट्रॉन ओढतात. क्लोरीनबद्दल जे उत्तर २ मध्ये लिहिलं तेच इथे लागू पडतं.

अळूच्या पानांचं खाजणं मात्र वेगळं. तिथे ऑक्झॅलिक आम्ल मोकळं नसतं, कॅल्शियमचं मीठ होऊन सुईसारखे स्फटिक झालेले असतात आणि ते घशात टोचतात.

५. आंबट निघालेली संत्री आढीत घातली तर गोड होतील का?

नाही. आंब्यात साठलेल्या स्टार्चची पिकताना साखर होते, म्हणून आंब्याला आढी चालते. संत्र्यात असा स्टार्चचा साठा नसतो. फळ झाडावर असताना पानांकडून साखर येत राहते आणि सायट्रिक आम्ल श्वसनात हळूहळू खर्च होतं. तोडणी झाली की साखर येणं बंद. आंबिया बहाराची फळं सप्टेंबर-ऑक्टोबरात घाईने तोडली की आंबट लागतात, ती यामुळेच. साल पिवळी करता येते, पण सालीचा रंग आणि आतलं आम्ल यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. मृगाची फळं बहुतेकांना जास्त गोड लागतात, तरी त्यांनाही झाडावरचा वेळ द्यावाच लागतो.

६. जानेवारीत प्रयोगशाळेतली अॅसेटिक आम्लाची बाटली गोठली. आम्ल खराब झालं का?

खराब झालेलं नाही. उलट ते शुद्ध असल्याची ती खूण आहे. शुद्ध अॅसेटिक आम्ल १६.६ अंश सेल्सियसला गोठतं आणि बर्फासारखं दिसतं, म्हणूनच त्याला ग्लेशियल म्हणतात. नागपूरच्या थंडीत रात्री पारा बारा-तेरा अंशांखाली सहज जातो, तेव्हा बाटली गोठणारच. एखाद-दोन टक्के पाणी मिसळलं असेल तर गोठणबिंदू बराच खाली उतरतो. कधी कधी द्रव बारा अंशांनाही तसाच राहतो आणि बाटली हलवताक्षणी स्फटिक धरतात. तेही स्वाभाविक आहे.

वितळवताना काळजी घ्या. पाणी गोठताना फुगतं, हे आम्ल गोठताना आक्रसतं आणि वितळताना फुगतं. तळाशी एकदम उष्णता दिली तर खाली द्रव फुगतो, वर घट्ट गोळा तसाच अडून बसतो आणि काच तडकू शकते. बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा आणि वेळ द्या. ज्योत जवळपासही नको.

मे महिन्यात याच्या उलट काळजी लागते. अॅसेटिक आम्लाच्या वाफा सुमारे ३९-४० अंशांपासून पेट घेऊ शकतात आणि आपल्याकडे दुपारी पारा ४५ ला टेकतो. बंद, पत्र्याच्या छपराखालच्या साठ्याच्या खोलीत ही बाटली ठेवणं धोक्याचं आहे. पुस्तकं हा मुद्दा बहुधा गाळतात, कारण ती थंड प्रदेशांतल्या प्रयोगशाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात.

हे आम्ल इतक्या सहज का गोठतं, असंही विचारतात. याचे रेणू दोन-दोनच्या जोड्या करून राहतात, एकाचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनला धरून. त्यामुळे उत्कलनबिंदूही चढतो. अॅसेटिक आम्ल आणि १-प्रोपेनॉल दोन्हींचं रेणुवस्तुमान ६०, पण पहिलं ११८ अंशांना उकळतं आणि दुसरं ९७ ला.

७. खायच्या सोड्याने बुडबुडे आले, म्हणजे कार्बोक्सिलिक आम्ल नक्की आहे ना?

नाही, आणि बोर्डाच्या प्रात्यक्षिकात सगळ्यात जास्त मुलं इथेच फसतात. सोडियम बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो याचा अर्थ एवढाच, की तुमचा पदार्थ कार्बोनिक आम्लापेक्षा तीव्र आम्ल आहे. फेनॉल कार्बोनिकपेक्षा सौम्य, म्हणून त्याला बुडबुडे येत नाहीत. फेनॉल आणि कार्बोक्सिलिक आम्ल वेगळं ओळखायला चाचणी उत्तम आहे. पण तिच्या दोन्ही बाजूंना अपवाद आहेत.

कार्बोक्सिल गट नाही, तरी बुडबुडे येतात अशांत पहिलं नाव ‘क’ जीवनसत्त्वाचं, म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्लाचं. नाव आम्ल, चव आंबट, पीकेए ४.१ च्या जवळ, पण सीओओएच शोधून सापडणार नाही. त्याचा कार्बोक्सिल गट रेणूच्या आतच इस्टर होऊन, म्हणजे स्वतःच्याच एका ओएच गटाशी जोडला जाऊन, वळसा घालून बसलेला असतो आणि आम्लपणा शेजारच्या दुहेरी बंधावरच्या ओएचमधून येतो. दुसरं पिक्रिक आम्ल. ते मुळात फेनॉल आहे, पण तीन नायट्रो गटांमुळे अतिशय तीव्र झालं आहे.

कार्बोक्सिल गट असूनही बुडबुडे न देणारा पदार्थ म्हणजे ग्लायसिन. त्याचं कारण उत्तर १० मध्ये.

८. टोलेन्सची (चांदीच्या आरशाची) चाचणी आल्डिहाइडची. मग फॉर्मिक आम्ल ती का देतं?

कारण त्याच्या कार्बोनिल कार्बनवर (ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेल्या कार्बनवर) कार्बनी साखळीऐवजी हायड्रोजन आहे, आल्डिहाइडमध्ये असतो तसाच. एका बाजूने पाहिलं तर ते आम्ल, दुसऱ्या बाजूने पाहिलं तर आल्डिहाइड. मुंगी चावल्यावर जे झोंबतं त्यात हेच असतं.

९. पुस्तकात ऑक्टिल अॅसिटेटला संत्र्याचा वास लिहिलाय. मग संत्र्याला वास त्याचाच ना?

ऑक्टिल अॅसिटेट हा अॅसेटिक आम्ल आणि ऑक्टेनॉल यांचा इस्टर आहे आणि त्याचा वास संत्र्याची आठवण करून देतो, हे खरं. पण संत्रं सोलताना जो फवारा उडतो त्यात सगळ्यात जास्त प्रमाण लिमोनिनचं असतं, आणि लिमोनिन इस्टर नाही. तो नुसता कार्बन-हायड्रोजनचा रेणू आहे, त्यात ऑक्सिजनच नाही. सालीचा तो फवारा मेणबत्तीच्या ज्योतीवर भुर्रकन पेटतो तोही यामुळेच. परीक्षेत पुस्तकातलंच उत्तर लिहा, पण खरं काय तेही माहीत असू द्या.

१०. अमिनो आम्लं ही आम्लं आहेत की आम्लारी?

दोन्ही, आणि साध्या पाण्यात पाहिलं तर धड एकही नाही. अमिनो आम्लात एकाच रेणूवर कार्बोक्सिल गट आणि अमिनो गट असतात. कार्बोक्सिलचा हायड्रोजन बाहेर न जाता घरातल्या घरात अमिनो गटाकडे जातो. एक टोक ऋण, दुसरं टोक धन, एकूण प्रभार शून्य. याला झ्विटर आयन किंवा द्विध्रुवीय आयन म्हणतात.

पुरावा हवा असेल तर वितळणबिंदू पाहा. ग्लायसिन म्हणजे अॅसेटिक आम्लात एक अमिनो गट घातलेला. अॅसेटिक आम्ल १६.६ अंशांना वितळतं. ग्लायसिन २३० अंशांच्या पुढे जातं आणि तिथेही नीट वितळण्याऐवजी विघटित होतं. प्रोपॅनॉइक आम्लाचं रेणुवस्तुमान ७४ आणि ग्लायसिनचं ७५, तरी प्रोपॅनॉइक खोलीच्या तापमानाला द्रव आणि ग्लायसिन पांढरी भुकटी. धन आणि ऋण टोकं एकमेकांना धरून बसतात, म्हणून ग्लायसिन मिठासारखं वागतं. पाण्यात विरघळतं, ईथरमध्ये नाही.

आता उत्तर ७ मधला राहिलेला धागा. ग्लायसिनच्या कार्बोक्सिल गटाने हायड्रोजन आधीच देऊन टाकलाय. सुटण्याजोगा जो उरला आहे तो अमिनो टोकावरचा, आणि त्याचा पीकेए ९.६. तो कार्बोनिक आम्लापेक्षा सौम्य असल्यामुळे सोड्याला दाद देत नाही. ग्लुटामिक आणि अॅस्पार्टिक आम्लांकडे जास्तीचा एक कार्बोक्सिल गट असतो, म्हणून ती खऱ्या अर्थाने आम्लधर्मी. लायसिनकडे जास्तीचा अमिनो गट, म्हणून ते आम्लारिधर्मी.

११. अमिनो आम्लं २० की २२? आणि टॉरिन त्यांत धरायचं का?

प्रथिनं बनवण्यासाठी बहुतेक सगळे सजीव २० अमिनो आम्लं वापरतात. परीक्षेत २० लिहा. सेलेनोसिस्टीन हे एकविसावं आपल्या शरीरातल्याही काही प्रथिनांत असतं आणि पायरोलायसिन हे बाविसावं काही सूक्ष्मजीवांत.

विसांतही दोन अपवाद लक्षात ठेवायचे. ग्लायसिनच्या मधल्या कार्बनवर दोन हायड्रोजन असतात, त्यामुळे त्याला डावं-उजवं रूप नाही. प्रोलिनचा नायट्रोजन वलयात गुंतलेला, म्हणून निनहायड्रिन या अमिनो आम्लं ओळखायच्या रसायनाशी बाकीच्यांसारखा जांभळा रंग न देता पिवळा देतो.

टॉरिनमध्ये कार्बोक्सिल गट नाही, सल्फोनिक आम्लाचा गट आहे. एनर्जी ड्रिंकच्या डब्यांवर त्याला अमिनो आम्ल लिहितात, पण ते प्रथिनात गुंफलं जात नाही.

१२. वरण-भातात सगळी अमिनो आम्लं मिळतात का? डाळ शिजवल्यावर ती मोकळी होतात का?

मोठ्या माणसाच्या शरीराला नऊ अमिनो आम्लं स्वतः तयार करता येत नाहीत, ती जेवणातूनच यावी लागतात. तांदळात आणि गव्हात लायसिन कमी, तुरीच्या डाळीत लायसिन भरपूर पण मेथिओनिन कमी. एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून निघते. एकाच घासात दोन्ही हवेत असं नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेले की झालं.

शिजवल्यावर अमिनो आम्लं मोकळी होत नाहीत. एका अमिनो आम्लाचा कार्बोक्सिल गट पुढच्याच्या अमिनो गटाशी पेप्टाइड बंधाने जोडलेला असतो आणि तो बंध चिवट असतो. प्रयोगशाळेत प्रथिन पूर्ण तोडायला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना २४ तास ठेवतात. कुकरच्या चार शिट्ट्यांनी प्रथिनाची घडी उलगडते, बंध तुटत नाहीत. पण उलगडलेल्या घडीत पचनरसांना शिरता येतं. तोडण्याचं काम पुढे जठर आणि आतडी शरीराच्याच तापमानाला, एन्झाइमच्या मदतीने करतात.

१३. लाखोळीच्या डाळीत विष असतं म्हणतात. ते नेमकं काय आहे?

तेही एक अमिनो आम्लच आहे. ओडॅप या छोट्या नावाने ते ओळखलं जातं. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते लाखोळीच्या दाण्यांतून वेगळं केलं. ते प्रथिनाचा भाग नसतं, दाण्यात मोकळं असतं. त्याच्या रचनेत डायअमिनोप्रोपिऑनिक आम्लाच्या एका नायट्रोजनला ऑक्झॅलिक आम्ल चिकटलेलं असतं, तेच ऑक्झॅलिक जे उत्तर ४ मध्ये हरभऱ्याच्या आंबेत भेटलं. इथे त्याचा एक कार्बोक्सिल गट बांधला गेलाय आणि दुसरा मोकळा राहिलाय. या मोकळ्या गटामुळे रेणूचा आकार आणि प्रभार ग्लुटामिक आम्लासारखा होतो. आपल्या मज्जापेशी ग्लुटामेटचा वापर निरोप द्यायला करतात. ओडॅप त्याच जागी जाऊन बसतं आणि पेशीला प्रमाणाबाहेर उत्तेजित करतं.

महिनोन्‌महिने लाखोळी हेच मुख्य अन्न राहिलं, विशेषतः दुष्काळात, तर पायांतली ताकद जाऊन कायमचं पंगुत्व येऊ शकतं. याला लॅथिरिझम म्हणतात. यामुळे १९६१ मध्ये केंद्र सरकारने विक्रीवर बंदी आणली. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धानाच्या बांध्यांत ओलीवर हे पीक घेतात. फार कमी पाण्यात येतं आणि त्यात प्रथिनं भरपूर असतात. त्यामुळे गरीब घरांसाठी हा वाद नुसता रसायनाचा कधीच नव्हता. पुढे प्रतीक, महातिवडासारखे कमी ओडॅपचे वाण आले.

घरी करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून देणं. ओडॅपवर प्रभार असल्यामुळे ते पाण्यात विरघळून बरंचसं निघून जातं, पूर्ण जात नाही. म्हणून रोजचं एकमेव वरण लाखोळीचं नको. इतर धान्य-डाळींसोबत, अधूनमधून, हा शहाणपणाचा मार्ग.

१४. तेल-तूप आम्लांपासून बनतं, तर ते आंबट का लागत नाही?

कारण आम्ल बांधलेलं आहे. तेल आणि तूप म्हणजे ट्रायग्लिसराइड. ग्लिसरॉलच्या तीन ओएच गटांवर तीन मेदाम्लं (मेदातली, कार्बनी साखळीची कार्बोक्सिलिक आम्लं) इस्टर होऊन बसलेली. इस्टर झाला की सुटणारा हायड्रोजनच उरत नाही. शिवाय लांब साखळीमुळे पाण्यात विरघळणं नाही, आणि जे लाळेत विरघळत नाही ते जिभेला आंबट कसं लागणार?

याचा उत्तम पुरावा लोण्यात मिळतो. दुधाच्या मेदात ब्युटिरिक आम्ल असतं, चार कार्बनचं. बांधलेलं असेपर्यंत त्याचा वास नाही. लोणी उन्हाळ्यात दोन दिवस बाहेर राहिलं की पाणी आणि जंतूंची एन्झाइमं मिळून इस्टर तोडतात, ब्युटिरिक मोकळं होतं आणि उबट वास घरभर पसरतो. कढवताना पाणी उडून जातं आणि एन्झाइमं निकामी होतात, म्हणून तूप महिनोन्‌महिने टिकतं. मेद म्हणजे ग्लिसरॉल आणि आम्लं हे फ्रान्सच्या शेव्हरल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साबणं फोडून फोडून दाखवून दिलं.

१५. खोबरेल तेल संपृक्त आहे, मग ते उन्हाळ्यात पातळ कसं?

संपृक्त (साखळीत दुहेरी बंध नसलेलं) म्हणजे घट्ट आणि असंपृक्त (दुहेरी बंध असलेलं) म्हणजे पातळ हा नियम साखळीची लांबी सारखी असेल तरच लागू पडतो. अठरा कार्बनचं स्टिअरिक आम्ल ६९ अंशांना वितळतं, त्याच लांबीचं पण एक दुहेरी बंध असलेलं ओलिइक १३-१४ अंशांना. दुहेरी बंधाने साखळीला बाक येतो आणि रेणू एकमेकांना चिकटून रचले जात नाहीत.

खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल, बारा कार्बनचं. साखळ्या सरळ आहेत पण आखूड, म्हणून तेल २४ अंशांच्या आसपासच वितळतं. नागपुरात डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते ती यामुळे.

साबणीकरण मूल्य (एक ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण करायला किती मिलिग्रॅम अल्क लागतो तो आकडा) खोबरेलाचं २५० च्या वर आणि शेंगदाणा तेलाचं १९० च्या आसपास का, याचंही उत्तर यातच आहे. साखळ्या आखूड म्हणजे एका ग्रॅममध्ये रेणू जास्त, रेणू जास्त म्हणजे अल्क जास्त लागतो.

१६. जवसाचं तेल इतक्या लवकर खवट का होतं? जुन्या सावजीत तर हेच तेल असायचं.

जवसाच्या तेलातली निम्मी किंवा त्याहून जास्त मेदाम्लं अल्फा-लिनोलेनिक असतात, अठरा कार्बन आणि तीन दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल असतो. हवेतला ऑक्सिजन तिथे शिरतो, पेरॉक्साइड तयार होतं आणि एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो. शेवटी साखळ्या तुटून छोटी आल्डिहाइडं होतात, त्यांचा तो खवट वास. लोण्याचा उबट वास इस्टर तुटल्याने येतो (उत्तर १४), जवसाचा साखळी तुटल्याने. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, पण उपाय वेगळे आहेत. लोणी पाण्यापासून जपायचं, जवस हवा आणि उजेडापासून.

याच गुणामुळे हे तेल पातळ थरात वाळून चिवट पापुद्रा धरतं, म्हणून ते ऑइलपेंटमध्ये वापरतात. तेलाने भिजलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ऑक्सिजन शोषताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेटल्याची उदाहरणं आहेत.

जुन्या घरांत तेल घाण्यावरून थोडंथोडं, ताजं आणत आणि संपवत. पद्धत शहाणपणाची होती. आज लिटरभर आणून महिनाभर ओट्यावर ठेवलं आणि तळून उरलेलं पुन्हा वापरलं, तर तेलाला दोष देऊ नये. अख्खं जवस वर्षभर टिकतं, पण चटणीसाठी कुटलं की आठवड्या-दोन आठवड्यांत संपवा. टरफल फुटलं की हवेला वाट मिळते.

१७. तुपात वनस्पती मिसळलंय का हे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखरेने कळतं का?

ही बॉडुइन चाचणी, पण ती वनस्पती तूप ओळखतच नाही. ती तिळाचं तेल ओळखते. भारतात वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचं तेल घालणं कायद्याने सक्तीचं केलं गेलं, तुपातली भेसळ उघडी पडावी म्हणून. साखर आणि आम्ल मिळून फरफ्युरालसारखा पदार्थ होतो, त्याच्याशी तिळातला घटक लाल-गुलाबी रंग देतो. म्हणून रंग आला नाही याचा अर्थ तूप शुद्ध असा होत नाही, पाम तेल किंवा चरबी यात सापडणार नाही. आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घरी हाताळू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रयोगशाळेत रायखर्ट-माइसल मूल्य काढतात. पाच ग्रॅम मेद साबणीकरण करून, आम्ल घालून, वाफेबरोबर उडणारी आणि पाण्यात विरघळणारी छोटी मेदाम्लं गोळा करायची आणि अल्काने मोजायची. ब्युटिरिक आम्ल दुधाच्या मेदातच असतं, त्यामुळे तुपाचं मूल्य मोठं आणि बहुतेक वनस्पती तेलांचं नगण्य. आपल्या भागाला लागू पडणारा एक अपवाद: सरकी खाणाऱ्या गाई-म्हशींच्या तुपात हे मूल्य मुळातच कमी येतं. तुपाच्या जुन्या भारतीय मानकांत म्हणूनच कापूसपट्ट्यासाठी वेगळी, खालची मर्यादा होती. एकट्या आकड्यावरून कुणाला भेसळखोर ठरवू नये. या विषयात पुढे शिकायची इच्छा असलेल्या मुलांना लांब जावं लागत नाही. नागपुरात १९४२ साली सुरू झालेल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये (आता ते विद्यापीठ झालं आहे) तेल तंत्रज्ञान शिकवलं जातं.

१८. ट्रान्स फॅट म्हणजे काय? साजूक तुपातही असतं का?

निकेल वापरून तेलात हायड्रोजन घालताना सगळे दुहेरी बंध भरले जात नाहीत, काहींवरचे हायड्रोजन नुसते बाजू बदलतात. बाक सरळ होतो, हेच ट्रान्स रूप. ओलिइकचं असं रूप १३ ऐवजी ४५ अंशांना वितळतं, म्हणून तेल घट्ट दिसतं. हृदयविकाराचा धोका वाढत असल्याने भारतात खाद्यतेल-मेदांमधली मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के झाली. पूर्ण हायड्रोजनीकरण केलं तर ट्रान्स उरत नाही, फक्त संपृक्त मेद उरतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जंतू हेच काम थोड्या प्रमाणात करतात, त्यामुळे साजूक तुपातही नैसर्गिक ट्रान्स मेदाम्लं थोडी असतात.

१९. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही?

साबण म्हणजे मेदाम्लाचं सोडियम मीठ. कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडियमची जागा घेतात आणि न विरघळणारा चोथा होतो, बादलीच्या कडेला बसतो तोच. डिटर्जंटमध्ये कार्बोक्सिलऐवजी सल्फोनेट गट असतो, त्याचं कॅल्शियमचं मीठ इतक्या सहज बाहेर पडत नाही.

२०. मेदाम्ल डोळ्यांनी बघता येईल असा घरचा प्रयोग आहे का?

आहे, आणि त्याला विकतचं रसायन लागत नाही. साध्या साबणाची वडी किसून चमचाभर कीस गरम पाण्यात विरघळवा. डिटर्जंटची वडी नको, तिच्यावर हे होणार नाही. पाणी किंचित निवलं की त्यात लिंबू पिळा, हवं तर दोन. सायट्रिक आम्ल मेदाम्लापेक्षा तीव्र असल्यामुळे ते साबणाला हायड्रोजन देतं आणि मोकळं झालेलं मेदाम्ल पांढऱ्या फुटक्या दह्यासारखं वर तरंगतं. फेस पूर्ण जातो.

हा पांढरा थर चमच्याने काढून दुसऱ्या भांड्यात गरम पाणी आणि धुण्याचा सोडा यांत टाका व ढवळा. तो पुन्हा विरघळेल आणि फेस परत येईल. मग त्याच सोड्याच्या ताज्या पाण्यात चमचाभर शेंगदाण्याचं तेल टाकून तेवढाच वेळ ढवळा. ढवळत आहात तोवर पाणी गढूळ दिसेल, हात थांबवला की तेल हळूहळू वर येऊन जमा होईल. दोन्ही भांडी शेजारी ठेवून मुलांना विचारा, एकात साबण झाला आणि दुसऱ्यात का नाही.